रविवारच्या फोनची कविता

काकू चिडलेल्या नसल्या की मला भीती वाटायची. चिडलेल्या असल्या म्हणजे सगळं जागेवर आहे असं समजायचं. गॅसवर चहा आहे, काका पेपर वाचताहेत आणि जिन्यात काढलेल्या माझ्या चपलांवरून आता खालून हाक येणार आहे. त्या गप्प झाल्या की समजावं, कविता चालू आहे. आणि त्यांची कविता चालू आहे म्हणजे घरातल्या कुणाचं तरी काही खरं नाही.

हडपसरला भाजी बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं बैठं घर होतं आणि त्यावर एक जादा खोली काढलेली होती. ती खोली बघायला मी गेले तेव्हा यवतमाळहून येऊन मला आठवडासुद्धा झाला नव्हता. नोकरी खराडीला, तिथे नुकत्याच उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतींपैकी एकीत. काकू दारातच उभ्या होत्या. आत या म्हणाल्या नाहीत.

"काय करता?"

"सॉफ्टवेअर कंपनीत जॉब करून राहिले."

"नुसतं 'करते' म्हणा. 'राहिले'चं भाडं वेगळं पडेल."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पुण्याबद्दल जे जे ऐकलं होतं ते सगळं पहिल्याच दारात खरं निघालं होतं. मी वळणार, तेवढ्यात आतून पेपरामागून आवाज आला, "राहू दे गं तिला. तुला भांडायला नवीन माणूस हवंच आहे." ते काका. त्यांच्यामुळे मी राहिले. पुढची कितीतरी वर्षं राहिले, आणि काकूंनी मला एकदाही नावाने हाक मारली नाही. मी 'वरची' होते. "वरची, पाणी सोडलंय." "वरची, तुझा तो मित्र हॉर्न फार वाजवतो, त्याला सांग आम्ही पहिल्या हॉर्नलाच त्याला नापसंत केलंय."

नोकरीत असताना त्या टेलिफोन खात्यात ट्रंक कॉल जोडायच्या. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, आणि दोन गावांच्या मध्ये ही बाई. मग थेट नंबर फिरवायची सोय आली, कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळ्या पाट्यांचे बूथ आले, यंत्रं आली आणि काकूंचा एक्स्चेंजमधला हॉल रिकामा झाला. त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. पण सवयी गेल्या नाहीत. कुणी दारात आलं की त्या "बोला" म्हणायच्या. समोरच्याचं बोलणं जरा लांबलं की "झालं?" विचारायच्या. शेजारची बाई सुनेची कागाळी सांगताना रडायला लागली, तेव्हाही त्यांनी "झालं?" विचारलं होतं. ती बाई परत आली नाही. काकूंना त्याचं काही वाटलं नाही.

"फोनवर माणूस जितकं खोटं बोलतो तितकं कोर्टातसुद्धा बोलत नाही," त्या म्हणायच्या. "'इकडे सगळं ठीक आहे.' रोज ऐकलंय मी. गावोगावचं ठीक ऐकलंय."

त्यांचा मुलगा अमेरिकेला गेला तेव्हा त्याचा जुना कॉम्प्युटर घरात राहिला होता. त्यावर टाकलेला क्रोशाचा रुमाल एक दिवस काकूंनी काढला आणि मला खाली बोलावलं. "यात मराठी बसवून दे." मी बसवून दिलं. त्या एका बोटाने टाइप करायच्या, मुंगी चिरडावी तशी एकेक कळ दाबायच्या. मराठी कवितांचं एक संकेतस्थळ तेव्हा जोरात होतं. परदेशातली, मुंबई-पुण्यातली माणसं तिथे कविता टाकायची आणि एकमेकांना शाबासकी द्यायची. काकूंनी आधी दोन महिने नुसतं वाचलं. वाचताना त्यांचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं व्हायचं.

"घर म्हणजे ऊब, घर म्हणजे आईचा पदर, घर म्हणजे अंगणातला प्राजक्त," त्या वाचून दाखवत म्हणाल्या. "या सगळ्यांच्या घरात भांडी कोण घासतं?"

मग त्यांनी पहिली कविता टाकली. मला ती पाठ आहे.

ओला टॉवेल गादीवर.
मी बोलले. तो वाळला.
नवा ओला टॉवेल गादीवर.
मी बोलले नाही.
तोही वाळला.

काकांना त्यांनी ती मोठ्याने वाचून दाखवली, आरोपपत्र वाचून दाखवावं तशी. काका इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. दुसऱ्या दिवशी ते भाजी बाजारात गेले आणि कोथिंबीरवाल्याला म्हणाले, "माझ्यावर कविता आलीय इंटरनेटवर. टॉवेलची." कोथिंबीरवाला म्हणाला, "चांगलं हाय की." महिनाभर काका त्या आनंदात होते. टॉवेल गादीवरच टाकत होते.

नणंदेवरच्या कवितेचं मात्र एवढं सुखाने झालं नाही.

नणंद आली. डबा उघडला.
म्हणाली, लाडू कडक झालेत.
खरं आहे.
वळताना मला तिची आठवण येत होती.

भाच्याने ती आपल्या आईला दाखवली. नणंदबाई त्या वर्षी गणपतीला आल्या नाहीत. त्यांनी काकांना फोन करून रडून सांगितलं, की मला जगापुढे नागवं केलं. काका अवघडले. म्हणाले, "अगं, काढून टाक ना ती." काकू म्हणाल्या, "तिने तीस जणांसमोर लाडू कडक म्हटलं होतं, तेव्हा तिला कुणी काढून टाक म्हणालं नाही." कविता राहिली.

मला त्या वेळी वाटायचं, ही बाई दुष्ट आहे. आता तसं वाटत नाही. आता मला राग येतो तो दुसऱ्यांचा. त्या संकेतस्थळावरचे लोक काकूंच्या प्रत्येक कवितेखाली 'छान' लिहायचे. नुसतं छान. काकू प्रत्येकाला उत्तर द्यायच्या. "काय छान? टॉवेल की मी?" कुणीतरी लिहिलं, "मन हेलावलं." काकूंनी लिहिलं, "हेलावलंच आहे तर उठून घरातली भांडी घासा." एका गृहस्थांनी समजावलं, की खासगी गोष्टी अशा उघड लिहू नयेत. काकूंनी उत्तर दिलं, "उघडच होत्या. तुम्ही बघत नव्हतात." लोकांना हे सगळं गमतीचं वाटायचं. पुण्याच्या काकू, तिखट काकू. हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागायची. बाई खरोखर चिडलेली आहे, हे त्या एवढ्या माणसांत कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

मग काका पडले. सकाळी चहाचा कप हातातून निसटला आणि त्यांच्याकडे बघितलं तर तोंड वाकडं झालेलं. रिक्षात घालून आम्ही दोघींनी त्यांना हॉस्पिटलमध्ये नेलं. काकू वाटेत रिक्षावाल्यावर ओरडत होत्या, खड्ड्यांवर ओरडत होत्या, काकांवरसुद्धा ओरडत होत्या, "डोळे उघडे ठेवा, सांगितलं ना?" उजवी बाजू गेली. वाचा गेली. मुलगा आला, त्याची सुट्टी संपेपर्यंत राहिला, डॉक्टरांनी "हळूहळू सुधारेल" म्हटलं तेवढं बरोबर घेऊन परत गेला.

सुधारलं नाही. काकांच्या तोंडून शब्द यायचा नाही, एक लांब आवाज यायचा, विहिरीतून आल्यासारखा. आम्हाला सवय झाली. मी ऑफिसमधून आल्यावर तासभर खाली बसायचे, त्यांना पेपर वाचून दाखवायचे. मी करून राहिले, खाऊन राहिले असं काही बोलले की त्यांचा डावा डोळा हसायचा.

काकूंनी त्या दिवसांत एकही ओळ लिहिली नाही. चिडायच्याही नाहीत. माझ्या चपला जिन्यात तशाच पडलेल्या असायच्या.

आणि एके दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी सहज ते पान उघडलं, तर त्यांची कविता. कँटीनमध्ये माझ्याभोवती चमचे वाजत होते, कुणीतरी कुणाच्या तरी प्रमोशनचे पेढे वाटत होतं आणि मी वाचत होते.

रविवारी संध्याकाळी फोन येतो.
जेवलीस का? मी म्हणते, जेवले.
तब्येत? मी म्हणते, बरी.
बाबा? मी म्हणते, झोपलेत.

ते झोपलेले नसतात.
शेजारी बसून हात पुढे करतात
फोनसाठी. मी देत नाही.
त्यांच्या तोंडून आता शब्द निघत नाही,
आवाज निघतो.
तो तुला ऐकू जाऊ नये म्हणून
दर रविवारी मी त्यांना
खोटं खोटं झोपवते.

पुढच्या रविवारी फोन करू नकोस.
यायचं तर ये.
तिथून विचारू नकोस जेवलीस का.
मी जेवलेली नाही.

मी डबा तसाच बंद केला. संध्याकाळी खाली गेले तर काकू काकांना भात भरवत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "वाचलीस? मग बोलू नकोस काही."

मुलगा ते संकेतस्थळ वाचत नव्हता. त्याला वेळ नव्हता. रविवारचा फोन येत राहिला. जेवलीस का? जेवले. मी कधी खाली असले तर ऐकायचे. फोन संपल्यावर काकू तो हातातच धरून बसायच्या. काका पुढे केलेला हात हळूच मागे घ्यायचे.

पुढे सगळ्यांच्या हातात स्मार्टफोन आले. मुलाने आईलाही पाठवला. कवितांचं ते संकेतस्थळ ओस पडलं आणि कविता व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागल्या, खाली नाव नाही, वर गुलाबाचं फूल. एका दुपारी मला सुट्टी होती. खालून हाक आली नाही, तर एक भांडं आपटल्याचा आवाज आला. मी धावत गेले. काकू स्वयंपाकघरात उभ्या होत्या, हातात फोन. त्यांनी तो माझ्यापुढे धरला.

मुलाचा निरोप होता. "आई, हे वाच. अगदी तुझ्यासारखं आहे. रडू आलं. माझ्या सगळ्या ग्रुप्सवर टाकलं."

त्याखाली कविता. वर निरांजनाचं चित्र, नाव दिलेलं, 'आई'. रविवारी संध्याकाळी फोन येतो. जेवलीस का? जेवले. तब्येत? बरी. बाबा? झोपलेत. आणि तिथून मधल्या सगळ्या ओळी गायब. काका गायब, पुढे केलेला हात गायब, तो आवाज गायब. शेवट असा:

पुढच्या रविवारी नक्की फोन कर बाळा.
तुझा आवाज ऐकला
की माझं जेवण होतं.

मला आजही तो शेवट आठवला की हाताच्या मुठी वळतात. कुणीतरी बसून हे केलं होतं. टाइप करताना झालेली चूक नव्हती ती, विचार करून केलेलं होतं. त्या माणसाला कविता आवडली होती, फक्त त्यातली बाई आवडली नव्हती. म्हणून त्याने ती काढून तिथे दुसरी बसवली होती.

"माझं जेवण होतं म्हणे," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी हळू होता. "मला उपाशी ठेवून वर ढेकर द्यायला लावला मेल्याने."

त्यानंतरचे काही दिवस मी काकूंना पुन्हा बोर्डावर बसलेलं बघितलं. मुलाला ती कविता त्याच्या मित्राच्या आईने पाठवली होती, एवढं त्यांनी काढलं. तिला कुणी पाठवली? तिच्या विहीणबाईंनी. विहीणबाईंना? योगाच्या ग्रुपवरच्या एका डॉक्टरांनी. काकू प्रत्येकाला फोन लावायच्या. "बोला. रविवारी संध्याकाळी फोन येतो, ही कविता तुम्ही पाठवली. तुम्हाला कुणी पाठवली?" समोरची माणसं आधी खूश व्हायची, मग गोंधळायची, मग चिडायची. शेवटी सोलापूरकडच्या सुप्रभात नावाच्या कुठल्याशा ग्रुपवर सगळे धागे अडकले. तिथला माणूस म्हणाला, "मला आली तशी मी पुढे पाठवली, ताई. चांगले विचार पसरवावेत."

"झालं?" काकूंनी विचारलं आणि फोन ठेवला. शेवट बदलणारा कधीच सापडला नाही.

मग त्यांनी मुलाला मूळ कविता पाठवली. सगळी. वर एक शब्द लिहिला नाही. दोन निळ्या खुणा उमटल्या आणि दिवसभर काहीच आलं नाही. बुधवारी सकाळी फोन वाजला. मी ऑफिसला जायच्या आधी चहाला खाली थांबले होते. काकूंचे हात कणकेत होते, म्हणून त्यांनी मला स्पीकर लावायला सांगितलं.

"आई, बाबांना बोलता येत नाही?"

"नाही."

"अजिबात?"

"अजिबात."

"तू म्हणालीस सुधारतंय! दर वेळी म्हणालीस, सुधारतंय!"

"म्हणाले."

"मला सांगितलं नाहीस. आणि जगाला सांगितलंस? इंटरनेटवर? आई, हे काय आहे? माझा बाप बोलू शकत नाही, हे मला कवितेतून कळतंय?"

"जगाने विचारलं नव्हतं," काकू म्हणाल्या. "म्हणून सांगता आलं. तू विचारायचास. विचारलं की खोटं बोलावं लागतं."

"मग खोटं तू बोललीस ना? जेवले म्हणालीस, बरी आहे म्हणालीस. मी काय अंतर्ज्ञानी आहे? खोटं तू बोललीस आणि कविता माझ्यावर? आणि ती दुसरी मी सगळ्यांना पाठवून बसलोय. आता काय सांगू, की यातला तो नालायक मुलगा मीच?"

काकूंनी कणीक मळायची थांबवली. त्या काहीतरी तोडून बोलणार म्हणून मी वाट बघितली. त्यांनी कोपराने बटण दाबून फोन बंद केला आणि कणकेचा गोळा इतक्या जोरात आपटला की परातीचा आवाज बाहेर काकांना ऐकू गेला. ते बाहेरून ओरडले. त्या लांब, विहिरीतल्या आवाजात. आपल्या मुलाचा आवाज त्यांनी ऐकला होता.

त्या रविवारी फोन वाजला तेव्हा काकूंनी तो उचलला नाही. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा वाजला. मग माझा वाजला. "बाबा ठीक आहेत ना? आई उचलत नाहीये. तुम्ही जरा बघून सांगाल का?" मला संताप आला. मी म्हटलं, "मी वर भाडं देऊन राहते. तुमची बातमीदार नाही. काय बघायचं ते येऊन बघा."

याच सुमारास आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघाने महिला दिनाचा कार्यक्रम ठेवला. काकू असल्या कार्यक्रमांना जात नसत. पण शेजारचे लोक आग्रहाने बोलवायला आले, काकांना चाकाच्या खुर्चीवरून न्यायची तयारी दाखवली, म्हणून आम्ही तिघंही गेलो. हॉलमध्ये फुगे लावलेले होते. सूत्रसंचालन करणारे गृहस्थ रेशमी झब्ब्यात होते, त्यांचा आवाज तुपासारखा होता आणि तो तसा आहे हे त्यांना ठाऊक होतं. मागे बासरीची रेकॉर्ड लागली. ते म्हणाले, "आता एक अशी कविता, जी ऐकून ज्याचे डोळे भरणार नाहीत तो माणूस नव्हे. कवी अज्ञात."

आणि सुरू झाले. रविवारी संध्याकाळी... फोन येतो...

मी काकूंचा हात धरायला गेले, तर त्या उठल्याही होत्या.

"अज्ञात नाही," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या रांगेत बसलीय."

हॉल वळून बघायला लागला. बासरी चालूच होती.

"मॅडम, आपण कार्यक्रमानंतर बोलू या का?"

"नंतर नाही. तुम्ही शेवट चुकीचा वाचणार आहात, त्याआधी." आणि त्यांनी तिथूनच, माइकशिवाय, ट्रंक लाइनवर बोलायच्या त्या खणखणीत आवाजात कविता म्हटली. पहिल्यापासून. ते झोपलेले नसतात, ही ओळ आली तेव्हा माणसांच्या माना चाकाच्या खुर्चीकडे वळल्या. काका सरळ समोर बघत बसले होते. 'मी जेवलेली नाही' या ओळीवर काकू थांबल्या.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पुढच्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, "अगंबाई, आई असं कसं म्हणेल?" कुणीतरी म्हणालं, "आजच्या दिवशी जरा पॉझिटिव्ह हवं होतं." झब्बेवाले गृहस्थ समजुतीने हसले. "काकू, तुमचं दुःख आम्ही समजू शकतो. पण एक सांगू? तो दुसरा शेवट जास्त लोकांपर्यंत पोचतो."

"पोचायला पत्ता लागतो," काकू म्हणाल्या. "माझ्या कवितेवर पत्ता होता. एका माणसाचा. तुम्ही तो पुसलात आणि गावभर वाटलीत. मी जन्मभर फोन जोडले, साहेब. नंबर भलताच लावायचा आणि वर म्हणायचं आवाज किती गोड. याला पोचणं म्हणत नाहीत."

"प्लीज, बसून घ्या."

"बसतच होते. तुम्ही उठवलंत."

आम्ही खुर्ची ढकलत बाहेर आलो. चाक उंबऱ्याला अडकलं आणि मदतीला कुणी उठलं नाही. मागे त्या गृहस्थांनी "असो" म्हणून पुढचा कार्यक्रम जाहीर केला, आणि हॉल हसला. तो हसण्याचा आवाज मी विसरलेले नाही. एवढी सगळी आईबाप झालेली माणसं त्या हॉलमध्ये होती, त्यातल्या कितीतरी घरांत रविवारी फोन येत असणार, आणि एकालाही उठून म्हणावंसं वाटलं नाही, की ही बाई खरं बोलतेय.

मुलगा पुढच्याच महिन्यात आला. न कळवता. टॅक्सीतून उतरला आणि दारात उभा राहिला. काकूंनी दार उघडलं.

"बोला," त्या म्हणाल्या. सवयीने.

"जेवलीस का?" त्याने विचारलं. त्याच्याही आवाजात राग होता.

"नाही," त्या म्हणाल्या. "तूही नसशील. हात धू."

त्यानंतर पंधरा दिवस त्या घरात जी भांडणं झाली ती वर मला शब्द न् शब्द ऐकू यायची. तो म्हणायचा, तू मला परका केलंस. त्या म्हणायच्या, तू झालास. तो म्हणायचा, बाबांना असं खुर्चीत बसवून ठेवतात का, व्यायाम कोण घेणार? त्या म्हणायच्या, मी. माझ्याही पाठीचा व्यायाम त्यातच होतो. त्याने नवीन पलंग आणला, त्यांनी तो नको म्हटलं, त्याने तो तरीही लावला. पण रोज सकाळी वडिलांना अंघोळ तो घालायचा. न्हाणीघरातून पाण्याचा आवाज यायचा, त्याचं बोलणं ऐकू यायचं, आणि मध्येच काकांचा तो लांब आवाज. तो आवाज आला की मुलाचं बोलणं थांबायचं. मग पुन्हा सुरू व्हायचं. काकू त्या वेळी स्वयंपाकघरातून हलायच्या नाहीत.

जायच्या दिवशी मी त्याची पिशवी टॅक्सीत ठेवायला खाली आले होते. टॅक्सी उभी होती. तो आईला म्हणाला, "एक ऐकशील?"

"बोल."

"हे पंधरा दिवस... यावर लिहू नकोस. चांगलं नको, वाईट नको. मला हे कुणाच्या तरी ग्रुपवर परत यायला नकोय."

मला वाटलं, आता ठिणगी पडणार. नणंदेसाठी एक ओळ न काढलेली ही बाई. काकू म्हणाल्या, "टॅक्सीवाला थांबलाय." ते हो होतं की नाही, मला कळलं नाही. त्यालाही कळलं नसावं.

त्यानंतर फोनचा वार ठरलेला राहिला नाही. कधीही यायचा. मंगळवारी, शुक्रवारी. काकू आता काकांच्या कानाला फोन लावायच्या आणि काका आपल्या आवाजात बोलायचे, आणि पलीकडून तो उत्तरं द्यायचा. काय समजून द्यायचा देव जाणे. काकू बाजूला उभ्या राहून चिडायच्या, "अरे, त्यांना म्हणायचंय की पंखा फास्ट झालाय, आणि तू काय क्रिकेट सांगतोस?" माझ्या चपलांवरूनही पुन्हा बोलायला लागल्या.

पुढे माझं लग्न झालं आणि मी खराडीला राहायला गेले. काका गेले तेव्हा मुलगा दोन दिवस आधीच येऊन पोचलेला होता. मी गेले तर तो त्यांच्या उशाशी बसलेला होता आणि काकू पायाशी. दोघं हळू आवाजात भांडत होते. कशावरून ते मी विचारलं नाही.

तीनेक आठवड्यांनी मी ते जुनं संकेतस्थळ उघडलं. अजून चालू होतं, जुनी काही माणसं अजून येत होती. कुणीतरी काका गेल्याची बातमी टाकली होती. काकूंच्या पानावर काकांसाठी श्रद्धांजल्यांची रांग. हात जोडलेले, दिवे, फुलं. टॉवेलच्या कवितेची कुणी कुणी आठवण काढली होती, हसणाऱ्या चेहऱ्यासकट. आणि खाली एकाने लिहिलं होतं, "काकू, मुलगा वेळेवर पोचला का हो? रविवारच्या फोनचा पुढचा भाग तुमच्या लेखणीतून नक्की यायला हवा. वाट पाहतोय." त्याखाली आणखी कितीतरी जणांनी लिहिलं होतं, आम्हीही. आम्हीही. मला ते वाचून शिसारी आली. माणूस जाऊन महिना झाला नव्हता आणि हे पाट मांडून बसले होते.

काकूंनी उत्तर दिलं होतं. त्यानंतर त्या नावाने तिथे काहीही आलं नाही, पुढे कितीदा मी बघितलं तरी.

"पोचला. बाकी घरातलं आहे."